वीस टक्के मीठ

कुत्रा पाळला होता का कधी,
डॉक्टर कोंडकरींनी विचारलं, फिल्म उजेडाला धरून.
मी म्हटलं, नाही.
घणसोलीत तिसऱ्या मजल्यावर
पडद्यांची शिलाई करते मी, कुत्रा ठेवू कुठे?
आत्ता नाही हो, लहानपणी.
गाठ जुनी आहे. पंधरा वर्षांची, पंचवीसची,
सांगता येत नाही. हिला घाई नसते.

मग खंड्या आठवला.
आगराच्या बांधावर झोपायचा,
पाठीवर खार वाळून पांढरी झालेली.
दुपारी गावात जाऊन
खाटकाच्या मोरीमागून मेंढीची आतडी ओढून आणायचा,
आणि संध्याकाळी माझ्या हातातली भाकरी:
एक तुकडा त्याला, एक मला.
त्याच्या केसांत अडकलेलं,
डोळ्याला न दिसणारं काहीतरी
माझ्या बोटांवर आलं असणार,
बोटं तोंडात गेली असणार.
त्याचा काही दोष नाही, मी उगाचच सांगितलं.
नाहीच, डॉक्टर म्हणाल्या, आणि लिहीत राहिल्या.

आगर गेलं. त्यावर भराव पडला, भरावावर रस्ता.
आगर आमचं नव्हतंच, बाप नुसता मीठ ओढायचा,
म्हणून साडेबारा टक्क्यांतलंही काही आलं नाही आमच्याकडे.
खंड्या कुठे मेला ते कुणी पाहिलं नाही.
आणि ही बया माझ्या काळजाखाली, उजवीकडे, यकृतात,
लिंबाएवढी, मोसंबीएवढी,
आता सोललेल्या नारळाएवढी,
आपल्या भिंती आपणच बांधून
बिनभाड्याची राहत होती.

पोट फाडणार नाही, त्या म्हणाल्या. चार भोकं.
बेंबीतून कॅमेरा, बाकी तिन्हींतून हत्यारं.
धोका आहे तो आतल्या पाण्याचा.
थेंब सांडला तर पोटभर पुन्हा रुजेल,
नाहीतर अंगभर गांधी उठून श्वासच अडेल.
म्हणून आधी सगळीकडे मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या पट्ट्या,
मग सुईने तिच्या आतच मिठाचं पाणी,
आणि दहा मिनिटं थांबायचं.

किती खारट, मी विचारलं.
पेशंट असं विचारत नसावेत. त्यांनी पेन खाली ठेवलं.
वीस टक्के.

म्हणजे शेवटून दुसऱ्या वाफ्यातलं.
बापाने बोट बुडवून जिभेला लावलं असतं,
थुंकून म्हणाला असता,
अजून दोन दीस, बाय.
पानी जड झाला का समजाचा, मीठ येल.

मला काही कळलं नाही. मास्क आला,
कुणीतरी माझं नाव नीट उच्चारलं, जागृती मढवी,
आणि मी गेले.
नंतर त्यांनी मोबाइलवर दाखवलं:
फुगवलेल्या पोटात आभाळासारखी लाल पोकळी,
तपकिरी यकृत, त्यावर पांढरा डोंब.
सुई जाते. निवळ पाणी नळीत चढतं,
इतकं निवळ की ओंजळीत घ्यावंसं वाटलं.
मग मीठ आत. व्हिडिओत दहा मिनिटं कापून टाकली होती.
ती दहा मिनिटं मला हवी होती.
मग आवरण सुटून येतं, लुसलुशीत, पांढरं,
हुबेहूब ताडगोळा,
आणि पोटात पिलं, साबुदाण्यासारखी, शेकडो.
सगळं एका पिशवीत भरून
बेंबीच्या वाटेने बाहेर.

मुलीने त्या उन्हाळ्यात ताडगोळे खाल्ले नाहीत.
मी खाल्ले.

नळी सहा दिवस राहिली, त्यातून हिरवट पित्त.
गोळ्या तीन महिने, मध्ये मध्ये रक्त तपासून.
वजन उचलायचं नाही, दीड महिना.
पडद्यांचे तागे मुलगी चढवते.

खाली वॉचमनची एक कुत्री आहे, पिवळी, अजून बिननावाची.
तिची पिलं लिफ्टजवळ खेळतात,
पहिल्या मजल्यावरचं पोर त्यांना तोंडाने पाव भरवतं.
काल मेडिकलमध्ये गेले.
कुत्र्याला जंताची गोळी द्या.
वजन किती, त्याने विचारलं,
वजनावर असते.
उचलून बघायची तर बंदी.
दोन्ही हात हवेत धरून
मी अंदाज घेतला,
म्हटलं, चौदा किलो.
पिलांचं वेगळं सांगते.